उत्खनन मे महिन्यात शोधू नका

ताई, मुलीला मेच्या सुट्टीत उत्खननाला पाठवायचं म्हणता. युरोपात ही शिबिरं उन्हाळ्यात भरतात, गुजरातेत मात्र खोदकामाचा खरा हंगाम थंडीचा. वैशाखात ऊन तर भाजतंच, शिवाय वाळलेल्या मातीतले रंगाचे फरक नजरेला दिसेनासे होतात, आणि थर ओळखायचे ते त्यावरूनच.

मी इथंच, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व शिकले. या विभागाने 1996 ते 2005 कच्छच्या आखाताजवळच्या बगसऱ्याला हडप्पाकालीन वसाहत खणली. तिथं शंखाच्या बांगड्यांचा कारखानाच निघाला, अर्धवट कापलेल्या शंखांच्या राशींसकट. असा एखादा तुकडा हातात घेऊन बघावा: करवतीच्या बारीक रेघा बोटाला लागतात. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हात थांबवला, ती जागा!

उन्हाळ्यात तिला खापरं धुणं, त्यांवर क्रमांक घालणं, रेखाटनं करणं शिकू द्या. याला दुय्यम समजू नका, माझी नजर तिथंच तयार झाली. एखाद्या रविवारी पावागडच्या पायथ्याचं जुनं शहर चांपानेरही दाखवा, बडोद्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर. आणि डिसेंबरसाठी विभागात आत्ताच विचारून ठेवा. टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि स्वतःची वही एवढं मात्र तिच्याबरोबर हवंच.