कृष्णविवर भिंतीला ‘गिळते’ की ‘छेदते’?

प्रश्न : विश्वरचनाशास्त्रावरच्या एका लेखाचं मराठीकरण चालू आहे. ‘डोमेन वॉल’साठी क्षेत्रभिंत, सीमाभिंत की प्रांतभिंत? आणि कृष्णविवर या भिंतीला ‘गिळते’ असं लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद : क्षेत्रभिंत नकोच. ‘क्षेत्र’ आधीच चुंबकीय क्षेत्र, अदिश क्षेत्र (ज्याला प्रत्येक बिंदूपाशी फक्त मूल्य असतं, दिशा नसते) यांनी अडवलाय, आणि इथे सगळी कथाच अदिश क्षेत्राची आहे. विश्व थंड होताना सममिती मोडते, क्षेत्रापुढे सारख्याच ऊर्जेची दोन मूल्यं येतात. काही भागांत ते एक निवडतं, काहींत दुसरं. हे भाग म्हणजे प्रांत. मधल्या पातळ थरात क्षेत्र एका मूल्यावरून दुसऱ्यावर जातं, ती भिंत. भौतिकशास्त्रज्ञ किबल यांनी १९७६ साली हे चित्र व्यापक रूपात मांडलं. गणितात फलनाचा ‘प्रांत’ असतो खरा, पण तेवढ्याने कुणी गोंधळणार नाही.

प्रतिसाद : ‘सीमा’लाही माझा विरोध. सीमेला ना जाडी ना वजन. या भिंतीत एवढी ऊर्जा असते, की अशा भिंती टिकल्या तर त्या विश्वात वरचढ ठरतील, असं झेल्दोविच, कोबझारेव आणि ओकुन या भौतिकशास्त्रज्ञांनी किबल यांच्याही आधी, १९७४ सालीच दाखवलं होतं. वर गंमत अशी, की सपाट प्रांतभिंतीचं गुरुत्व ओढत नाही, ढकलतं. तिच्यातल्या ताणाची ही करामत.

प्रश्नकर्ता : प्रांतभिंत ठरलं. क्रियापदाचं काय?

प्रतिसाद : ‘गिळते’ म्हटलं की भिंत संपली असं वाटतं. घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या हद्दीच्या, आत जातो तो फक्त एक तुकडा. उरलेली भिंत ताणलेल्या पडद्यासारखी विवराभोवती पसरलेली राहते. विवर पुरेशा वेगात असेल तर भिंत त्याच्यामागे ओढली जाते, निमुळती होते, तुटते आणि पुन्हा सांधली जाते. तिथे ‘पार जाते’ लिहा.

‘छेदते’ जपून वापरा, कारण त्यात भोक मागे राहिल्याचा अर्थ येतो. भोकाला काठ लागतो, आणि तो काठ म्हणजे वैश्विक तंतू, ऊर्जेने भरलेला दोऱ्यासारखा बारीक पट्टा. ज्या सिद्धांतात भिंत तंतूपाशी संपू शकते, तिथेच भोक टिकेल. ते पुरेसं मोठं असेल तर ताणामुळे आपोआप वाढत जातं. आदिम, म्हणजे विश्वाच्या अगदी सुरुवातीला तयार झालेली, कृष्णविवरं अशी भोकं पाडून भिंती वरचढ ठरण्याचा प्रश्नच मिटवतील, असं स्टॉयकोविच, फ्रीझ आणि स्टार्कमन यांनी २००५ साली सुचवलं. तुमचा लेख त्याबद्दल असेल तर ‘छेदते’ अगदी चपखल.

प्रश्नकर्ता : एका परिच्छेदात उलटा प्रकार आहे, बंद गोल भिंतीपासूनच विवर तयार होतं. तिथे मी ‘भिंत कोसळते’ लिहिलंय.

प्रतिसाद : छे, पावसात भिंत कोसळते तसं वाटतं ते! इथे ती आपल्याच ताणाने आत आक्रसते. तिचं वस्तुमान त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणून भिंत जितकी मोठी तितकं विवर होणं सोपं. ‘आक्रसून विवर होते’ करा.