मदत हवी आहे: अमेरिकेत सरकारविरुद्ध मृत्यूच्या भरपाईचा दावा, मुदत कशी धरायची?
कॅलिफोर्नियात ताईचे यजमान सरकारी ट्रकच्या धडकेत गेले. ती अजून सावरलेली नाही, कागदपत्रं मीच बघतोय. ट्रक केंद्र सरकारचा असेल तर २ वर्षांच्या आत फॉर्म ९५ वर भरपाईचा ठरावीक आकडा लिहून त्या खात्याकडे दावा द्यायचा, आणि नकाराचं पत्र टपालात पडल्यापासून ६ महिन्यांत कोर्टात जायचं. पण ट्रक शहराचा निघाला तर दावा द्यायलाच फक्त ६ महिने! पोलीस अहवालातल्या फोटोत ट्रकच्या दारावरचं चिन्ह पुसट आहे. मालकी कळेपर्यंत थांबणं मला धोक्याचं वाटतं. दोन्हीकडे एकदम दावा दिलेला चालतो का? खात्याने ६ महिने उत्तरच दिलं नाही, तर तो नकार समजून कोर्टात जावं का? अशी प्रकरणं हाताळलेला तिथला वकील कुणाच्या माहितीत असेल तर कृपया लवकर कळवा.