मदत हवी आहे : एमएच ३७० चा उपग्रहाशी संपर्क पुन्हा कसा जोडला गेला असावा?

सस्नेह नमस्कार. परभणीतील आमच्या वाचनकट्ट्यावर गेले तीन रविवार मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० या विमानावरून वाद चालू असून तो आता एकाच मुद्द्यावर अडला आहे. ८ मार्च २०१४ च्या मध्यरात्रीनंतर २३९ जणांना घेऊन क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेले हे बोइंग ७७७ मार्ग सोडून मागे वळले, मलय द्वीपकल्प ओलांडून गेले आणि स्थानिक वेळेनुसार २:२२ ला लष्करी रडारवर शेवटचे दिसले, इथवर कोणाचे दुमत नाही.

आमच्यातील एक निवृत्त अभियंता काका विमानात आग लागल्याचा सिद्धान्त सोडायला तयार नाहीत. माझी अडचण २:२५ ची आहे. तोवर तुटलेला उपग्रहाचा दुवा त्या वेळी विमानाकडूनच पुन्हा जोडला गेला आणि ८:१९ पर्यंत संकेत मिळत राहिले. लाईट येताच घरचा राऊटर आपणहून सुरू होतो (मराठवाड्यात हे कोणाला सांगायला नको), तसाच हा प्रकार दिसतो. मग आगीत होरपळलेल्या यंत्रणेला वीज परत कशी मिळाली? आणि कोणी हेतुपुरस्सर वीज तोडली असेल, तर त्याने ती पुन्हा का जोडावी?

हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २०१५ मध्ये सापडलेल्या या विमानाच्या फ्लॅपेरॉनवरून (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागावरून) यातले काहीच उलगडत नाही. विमानांच्या विद्युत यंत्रणेवर प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांनी कृपया खुलासा करावा. अपहरणाच्या अटकळी आमच्याकडे भरपूर आहेत.