मदत हवी आहे : हायवेवरच्या पुलाच्या डिझाइनचं टेंडर कोणाला समजते का?

राजेहो, कोणी सिव्हिलवाला असन तर सांगा. आमचं गाव ४४ नंबर हायवेनं मधातून कापलं, इकडं वस्ती न् जिनिंग, तिकडं वावरं, कापसाच्या सीझनमध्ये बंड्या, ट्रॅक्टर सगळे डिव्हायडरच्या कटमधूनच आडवे घुसतात. आता नगर परिषदेनं हायवेवरून पूल न्यायचं काढलं न् डिझाइनसाठी कन्सल्टंट नेमून राहिले. टेंडरचे कागद डाउनलोड केले, अर्धे डोक्यावरून गेले. निवड क्यूसीबीएसनं हाय, म्हणजे टेक्निकल न् फी दोन्हीचे मार्क मिळवून, नुसता स्वस्तवाला नाही, हे बरं झालं. पण मातीच्या तपासणीचा खर्च कोणाच्या अंगावर हे कुठंच दिसून नाही राहिलं. आमची काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा, इथं बोअर न मारता पाया ठरवला तर झालंच मंग!

दुसरं, हायवेच्या वर साडेपाच मीटर मोकळं सोडा लागते, त्यात गर्डरची (पुलाच्या आडव्या तुळईची) दोनेक मीटर जाडी धरा, ३० ला १ चढ (३० मीटर पुढं गेलं की १ मीटर वर) धरला तरी एकेका बाजूला सव्वादोनशे मीटर रस्ता होते, एवढी जागा बाजार चौकाकडं हायच कुठं? अन् चढ कमी लांबीचा केला तर भरलेली बंडी बैल वढतीन का? हे कन्सल्टंट नेमायच्या आधीच कागदात टाकता येते का? प्री-बिड मीटिंगमध्ये (टेंडर भरायच्या आधी शंका विचारायची बैठक) गावचा माणूस बसू शकते का फक्त कंपनीवाले? एनएचएआयची (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची) परवानगी डिझाइनच्या आधी का नंतर? कोणाच्या गावात असं काम झालं असन तर तेही सांगा भाऊ.