४० फुटी मोटरहोम घ्यावं का?

प्रेषक: हेमंत

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये मी रिटायर होतोय. मुलं आपापल्या गावी गेली, घरात पाच खोल्या आहेत आणि त्यातल्या तीन खोल्यांत फक्त व्हॅक्यूम फिरतो. डोक्यात असं आहे की घर विकायचं, ४० फुटी डिझेल मोटरहोम (चाकांवरचं घर) घ्यायचं आणि दोन-तीन वर्षं त्यातच राहायचं. मागच्या शनिवारी एक बघून आलो. पुण्यातल्या आमच्या पहिल्या फ्लॅटपेक्षा मोठं वाटलं. वॉशिंग मशीन आहे, दीड बाथरूम आहे, शेकोटीसुद्धा आहे (बटणाची). आपल्या लिस्टवरच्या कोणी इथे अमेरिकेत वापरलंय का? खरं काय ते सांगा, ब्रोशर माझ्याकडे आहे.

हेमंत

---

प्रेषक: दिलीप

हेमंत,

आम्ही २०१८ साली २०११ चं ३८ फुटी घेतलं. इंजिन मागच्या बाजूला, म्हणून त्याला इथे डिझेल पुशर म्हणतात. सात हंगाम झाले, अजून आहे. दरवर्षी एकदा तरी मी ते विकायला काढतो आणि दरवर्षी शुभदा जाहिरात उतरवायला लावते. तेव्हा माझं मत जरा कडू लागलं तर समजून घे.

आधी लांबीचं बोलू. गाडी विकत घेताना माणूस ती आतून बघतो आणि आतून प्रत्येक फूट हवासा वाटतो. रस्त्यावर आणि पार्कात ती बाहेरून मोजतात. ग्लेशियर नॅशनल पार्कात गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे. आम्ही सेंट मेरीला मोटरहोम उभं केलं आणि जीपने वर गेलो. झायन नॅशनल पार्कातला बोगदा १९३० सालचा, तेव्हाच्या गाड्यांच्या मापाचा, १.१ मैल लांब. २०१९ ला आम्ही १५ डॉलरचं परमिट काढलं, रेंजरने समोरची वाहतूक अडवली आणि मी बोगद्याच्या बरोबर मधून गाडी काढली. वरची कमान मध्ये उंच, कडेला ठेंगणी, त्यामुळे आपल्या लेनमध्ये राहिलास तर छत घासतं. जून २०२६ पासून तर मोठ्या गाड्यांना तो बोगदा बंद केल्याचं जाहीर झालंय. नॅशनल पार्कांमधली जुनी कॅम्पग्राउंड्स तंबू आणि छोट्या ट्रेलरसाठी आखलेली आहेत. बुकिंगच्या पानावर लांबी भरलीस की निम्म्या जागा आपोआप गायब होतात. ३२-३४ फुटांत भागत असेल तर भागव. ४० च्या वर तर जाऊच नकोस. कॅलिफोर्नियातल्या लोकांना त्यासाठी वेगळं लायसन्स काढावं लागतं, आणि पुढे कधी मुलीजवळ राहायला गेलात तर तुलाही लागेल.

मागे छोटी गाडी ओढणं आलंच, नाहीतर दूध आणायला १४ टनांचं धूड काढावं लागतं. आम्ही जीप चारही चाकांवर ओढतो. यात एक मेख आहे आणि ती विक्रेता सांगत नाही: जीप जोडलेली असताना रिव्हर्स घेता येत नाही. दोन-चार फूट मागे घेतलंस की जीपची पुढची चाकं वाकडी होतात आणि टो-बारवर, म्हणजे जीप जोडायच्या दांड्यावर, ताण येतो. युटातल्या एका गावात मी पेट्रोल पंपात शिरलो. आत गेल्यावर कळलं की पलीकडून बाहेर पडायला वाट नाही, कचऱ्याचा कंटेनर आहे. सगळं मिळून ५५ फूट. मागे एक ट्रक येऊन उभा. गाडी तिरकी उभी असली की टो-बारची पिन निघत नाही, ती ठोकून काढावी लागते. मी हातोडी घेऊन खाली वाकलोय, शुभदा जीपमध्ये बसून स्टिअरिंग हलवतेय, ट्रकवाला शांतपणे सँडविच खातोय. पाऊण तास. तेव्हापासून आम्ही पंप आधी नकाशावर उपग्रहातून बघतो आणि शक्यतो ट्रक स्टॉपलाच डिझेल भरतो. गॅलनला साडेसात मैल पडतात, जीपसकट.

घाटाचं तुला माहीतच आहे, पण कारने माहीत आहे. कोलोराडोतला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर, आणि पश्चिमेकडे बाहेर पडलास की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग उतार. एवढ्या वजनाला ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवून वेग आवरणारा) चालू, गिअर खालचा, वेग ट्रकवाल्यांइतका, आणि मागच्यांचे हॉर्न ऐकायचे नाहीत. घेताना एक्झॉस्ट ब्रेक आहे का आणि तो खरंच पकडतो का, हे उतारावर नेऊन बघ. पार्किंगमध्ये कळत नाही.

टायर. हे शंभर वेळा सांगितलं तरी कमीच. आमच्या गाडीचे टायर घेताना नवे दिसत होते, नक्षी जशीच्या तशी. मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून म्हातारे होतात. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे बघ: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. आमच्यावर २३११ होतं, म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात वायोमिंगमध्ये, आय-८० हायवेवर, रॉलिन्सच्या अलीकडे मागचा आतला टायर फुटला. आवाज बंदुकीसारखा. फाटलेल्या पट्ट्याने चाकावरचं आवरण फोडलं आणि गरम पाण्याच्या टाकीच्या वायरी तोडल्या. सहाच्या सहा टायर बदलले, त्या महिन्यात दुसरं काहीच घेतलं नाही. सहा-सात वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असो, बदलायचे.

आता टाक्या. पाण्याच्या तीन: ताजं पाणी, ग्रे म्हणजे मोरीचं, आणि ब्लॅक म्हणजे तुला कळलंच. नवशिके ब्लॅकचा व्हॉल्व्ह कॅम्पग्राउंडवर उघडाच ठेवतात, की आपोआप जाईल. पाणी जातं, बाकीचं राहतं आणि खाली त्याचा डोंगर होतो. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, भरपूर पाणी सोडायचं, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम उघडायचा, आणि मग ग्रे सोडून तोच पाइप धुवायचा. हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं. जे माहीत नव्हतं ते हे की आधीच्या मालकाच्या वेळेपासून व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. मी पाइप लावण्याआधी टोपी काढली. नवे पांढरे बूट होते. पुढचं लिहीत नाही, लिस्टवर लहान मुलं नसली तरी जेवायची वेळ आहे.

दुरुस्तीचं एवढंच सांगतो की हे घरही आहे आणि ट्रकही आहे, आणि दोन्हींचे कारागीर वेगळे. ट्रकवाला नळाला हात लावत नाही, नळवाला इंजिनला. २०२१ ला स्लाइड-आउट, म्हणजे भिंतीसकट बाहेर सरकणारी खोली, अर्ध्यात अडकली. एका दुकानात सात आठवडे गाडी पडून होती. कारण एक मोटर, आणि ती येईना. घर विकलं असतं तर ते सात आठवडे आम्ही कुठे राहिलो असतो? म्हणून सांगतो, पहिलं वर्ष घर विकू नकोस. भाड्याने दे.

दिलीप

---

प्रेषक: शुभदा

हेमंत, वैशाली,

दिलीपची मेल वाचली. बूट पांढरे नव्हते, राखाडी होते. धुतल्यावर पांढरे झाले.

त्याने स्वयंपाकघराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, म्हणजे सात वर्षं जेवण कुठून आलं कोण जाणे. वैशाली, तू हे वाच.

कॅम्पग्राउंडवर विजेच्या खांबावर ३० अँपिअरचा प्लग असतो किंवा ५० चा. नाव ऐकून वाटतं फरक वीसचा. तसं नाही. ३० म्हणजे ३,६०० वॉट. ५० मध्ये दोन तारा ५०-५० च्या असतात, म्हणजे १२,००० वॉट. ३० वर असलीस तर एक एसी १३-१४ अँपिअर खातो, किटली साडेबारा, त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की अंधार. आमच्याकडे आजही चहाच्या आधी ‘एसी बंद करतेय’ अशी आरोळी द्यायची पद्धत आहे. इन्स्टंट पॉट चालतो, फक्त इंडक्शनबरोबर लावू नकोस. डाळ मात्र कुकरलाच. यलोस्टोनच्या तळ्याशी आपण ७,७०० फुटांवर असतो, पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ दोन तास नुसती पोहत राहते.

फोडणी आत करता येते, पण धुराचा अलार्म डोक्यावरच असतो. लाल मिरची पडली की तो बोंबलतो, शेजारचा अमेरिकन आजोबा अग्निशामक घेऊन दारात. हे झालंय. तो आजोबा नंतर तीन दिवस आमटी खायला येत होता. अलार्म काढून ठेवायचा नाही, खाली प्रोपेन गॅसची टाकी आहे. मी टेबलावरची छोटी शेगडी बाहेर काढते आणि फोडणी तिथे करते. यलोस्टोनला फिशिंग ब्रिजवर तेही जपून, काम झाल्या क्षणी कढलंसुद्धा आत. अस्वलांचा भाग आहे, तिथे तंबूंना परवानगीच नाही, पक्क्या भिंतींच्या गाड्याच घेतात.

आणि दिलीप लांबीबद्दल म्हणतो ते निम्मं बरोबर आहे. २०२२ ला सासूबाई नाशिकहून आल्या, तेव्हा वय ७९. त्यांना दर दीड तासाने बाथरूम लागायचं. हॉटेलच्या प्रवासात त्या पाणीच पीत नसत, कुणाला सांगत नसत, आणि संध्याकाळी पाय सुजलेले. मोटरहोममध्ये पलंगापासून बाथरूम चार पावलं, दांडीला धरून जायचं. (गाडी चालू असताना नाही, थांबवून. आम्ही दर विश्रांतीच्या जागेला थांबायचो.) त्या पहिल्यांदा या देशात पोटभर पाणी प्यायल्या. मोठ्या खिडकीशी बसून साउथ डकोटाची बॅडलँड्स बघत शेंगा सोलत होत्या. २८ फुटी गाडीत एवढं ऐसपैस मिळालं नसतं. म्हणून मी जाहिरात उतरवते.

एक सूचना: हिवाळ्यात भारतात जाताना कपाटं पूर्ण रिकामी कर. आम्ही एका वर्षी दाण्याची एक पिशवी विसरलो. परत आलो तेव्हा उंदरांनी दाणे संपवून वायरिंग सुरू केलं होतं.

शुभदा

---

प्रेषक: अनघा

हेमंतकाका, वैशालीकाकू,

आम्ही विकत घेतलं नाही, दोनदा भाड्याने घेतलं, ३० फुटी. एकदा दोन आठवडे युटातलं मोआब, एकदा मिशिगनचा वरचा भाग. माझं सांगणं एवढंच की विकत घेण्याआधी भर जुलैत दोन आठवडे भाड्याने घ्या आणि त्यातले चार दिवस पाऊस पडावा अशी प्रार्थना करा. आमचं लग्न मोआबमध्ये छान टिकलं, मिशिगनमध्ये जरा हललं. दोन माणसांपैकी एकजण उभा असला की दुसऱ्याला बसावं लागतं, हे चौथ्या दिवशी कळतं.

फुकट राहायचं असेल तर बीएलएमची (केंद्र सरकारचं जमीन खातं) सरकारी जमीन आहे. बऱ्याच ठिकाणी १४ दिवस राहता येतं, मग हलायचं. पाणी, वीज काही नाही. पण मोआबबाहेर रात्री जे आकाश दिसतं ते आमच्या ऑरोरा शहरात विसरा.

अनघा

---

प्रेषक: माधव

हेमंतराव,

एक कंटाळवाणा मुद्दा. तुम्ही ६३ वर्षांचे, म्हणजे मेडिकेअरला (६५ पासूनचा सरकारी आरोग्य विमा) अजून दोन वर्षं. घर विकलंत की पत्ता कुठला? पुष्कळ लोक साउथ डकोटाचा पत्ता घेतात, तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. पण ६५ च्या आधीचा आरोग्य विमा बहुतेकदा त्या त्या राज्याच्या डॉक्टरांपुरता बांधलेला असतो. रिटायर होऊन ॲरिझोनात पडलात आणि विमा साउथ डकोटाचा, तर इमर्जन्सी सोडून बाकी सगळं खिशातून. ६५ नंतर मूळ मेडिकेअर घेतलंत तर देशभर चालतं. त्याऐवजी खासगी कंपनीचा ॲडव्हांटेज प्लॅन घेतलात तर पुन्हा नेटवर्कचीच भानगड. आधी हे बघा, मग शेकोटीचं बटण दाबा.

माधव

ता. क. सर्वांना उत्तर पाठवताना कृपया विषय बघा. गणपतीच्या वर्गणीची माझी मेल या धाग्यात कुणीतरी गाडून टाकली आहे. वर्गणी अजून १४ घरांची यायची आहे.

---

प्रेषक: हेमंत

सर्वांचे आभार. वर्गणी आज पाठवतो.

वैशालीने शुभदाची मेल दोनदा वाचली आणि विचारलं, ‘बघायला मिळेल का?’ माझ्या ब्रोशरला तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. घर भाड्याने देण्याचं पटलं. लांबी अजून पटलेली नाही, पण टेप घेऊन ड्राइव्हवे मोजला तर ३६ फुटांच्या पुढे फुटपाथ सुरू होतो, तेव्हा तो प्रश्न महापालिकाच सोडवेल असं दिसतंय. दिलीप, शनिवारी येऊ का?

हेमंत

---

प्रेषक: दिलीप

ये. रविवारी रॉकी माउंटन नॅशनल पार्कहून आलोय, टाकी भरलेली आहे, तुझ्या हातूनच रिकामी करू. हातमोजे माझ्याकडे आहेत. बूट जुने घालून ये.

दिलीप