शिक्षणशास्त्रात पीएच.डी. झाली, आता पुढे काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ वर्षं शिकवतेय. एम.एड. आणि सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) आधीच झालं होतं. गेल्या महिन्यात पीएच.डी.ची मौखिक परीक्षा पार पडली. विषय होता तिसरी-चौथीतल्या मुलांना वजाबाकीत 'हातचा' नेमका कुठे अडतो. सहा वर्षं या कामात जीव ओतलाय, आणि ते प्रबंधात पडून राहू नये असं फार वाटतं.

बी.एड. कॉलेजात चौकशी केली, तर तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरतं मानधन) या म्हणाले. कायम नोकरी सोडून तिकडे जाण्याचं धाडस होत नाही, घरी दोन मुलं शिकतायत. मन खरं ओढतं ते डाएटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), कारण शिक्षकांसोबत थेट काम तिथेच होतं. 'प्रथम' किंवा अझीम प्रेमजी फाउंडेशनसारख्या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थाही डोळ्यांसमोर आहेत.

जिल्हा परिषदेतून डाएटमध्ये किंवा पुण्याच्या एससीईआरटीत (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) गेलेलं कुणी इथे आहे का? एमपीएससीतूनच गेलात की प्रतिनियुक्तीवर? सेवाज्येष्ठतेचं काय झालं? संस्थांमध्ये गेलेल्यांनी पगार आणि फिरती याबद्दल मोकळेपणाने सांगावं. अभ्यासक्रम किंवा पाठ्यपुस्तक लेखनात शिरकाव कसा होतो, हेही कुणाला माहीत असेल तर कृपया लिहा. ताई-दादांनो, तुमच्या अनुभवाची वाट पाहतेय.