डील पटकन ग्रुपवर टाकायला ब्राउझरचं काही साधं टूल आहे का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचा व्हॉट्सअॅपवर खरेदीचा ग्रुप आहे, भिशीचा वेगळा, मुलीच्या शाळेतल्या आयांचा आणखी वेगळा. ऑनलाइन काही चांगलं स्वस्तात दिसलं की मी टाकते, आता सवयच लागलीय सगळ्यांना, सेल सुरू झाला की सकाळी सातला मेसेज, "काय गं, आज काय?" मी बघते लॅपटॉपवर. मग लिंक कॉपी करा, व्हॉट्सअॅप वेब उघडा, किंमत हाताने टाइप करा, आणि हेच तीनदा. परवा तीन लिटरचा कुकर होता, तिसऱ्या ग्रुपला टाकेपर्यंत डील संपली आणि ज्यांना मिळाला नाही त्या माझ्यावरच रुसल्या.

म्हणून मागच्या महिन्यात एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं अॅप) टाकलं, एका बटणात शेअर. छान चाललं होतं. तर खालच्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगचा मुलगा लिफ्टमध्ये विचारतो, "काकू, कमिशन किती सुटतं महिन्याला?" मला काही कळेच ना. त्याने माझीच लिंक उघडून दाखवली, शेवटी टॅग म्हणून भलतंच नाव आणि पुढे 21. अहो मी एक रुपया घेतलेला नाही! पण आता ग्रुपवर कुजबुज सुरू झालीय. ते एक्स्टेन्शन काढलं तेव्हाच. दुसरं काही भरवशाचं आहे का?

सातपूरकर
ताई, तो पोरगा हुशार आहे, त्याला चहा पाजा. अॅफिलिएट म्हणजे लिंकवरून खरेदी झाली की कमिशन मिळणारा, अॅमेझॉनच्या भारतातल्या अशा आयडीच्या शेवटी 21 असतं, म्हणजे तुमच्या मेहनतीवर ते एक्स्टेन्शन बनवणारा कमिशन खात होता. टाकताना "सगळ्या साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी मागितली असणार, आपण सगळेच ते न वाचता ओके करतो. नवीन नाही हे. 2024 च्या शेवटी कूपनवाल्या एक्स्टेन्शनवरून जगभर बोंबाबोंब झाली आणि मार्च 2025 मध्ये गूगलला क्रोम स्टोअरचे नियम कडक करावे लागले, ग्राहकाला काही फायदा देत नसाल तर स्वतःचा अॅफिलिएट कोड घुसवायचा नाही म्हणून.

तुमच्या कामाला एक्स्टेन्शन लागतच नाही, बुकमार्कलेट वापरा. म्हणजे साधा बुकमार्कच, फक्त पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्टची, म्हणजे ब्राउझरने चालवायच्या कोडची, एक ओळ असते, आणि तुम्ही क्लिक कराल तेव्हाच चालते, एरवी गप्प पडून राहते. मी माझ्यासाठी केलंय ते असं चालतं: पानावरची किंमत माउसने सिलेक्ट करायची, बुकमार्क दाबायचा, की वस्तूचं नाव, ती किंमत आणि छोटी लिंक असा तयार मेसेज कॉपी होतो. मग पेस्ट, पेस्ट, पेस्ट.

छोटी लिंक कशी, तर अॅमेझॉनच्या पत्त्यात dp ही अक्षरं आणि तिरपी रेघ आली की पुढे दहा अक्षरांचा कोड असतो, तोच त्या वस्तूचा नंबर. त्यानंतरचं सगळं शेपूट छाटलं तरी पान उघडतं. हाताने छाटून बघा एकदा, मजा वाटते. फायरफॉक्सवाल्यांना 120 व्हर्जनपासून राइट क्लिकमध्येच ट्रॅकिंग (माग काढायला जोडलेली अक्षरं) काढून लिंक कॉपी करायची सोय आहे, पण त्याने सगळंच शेपूट जातं असं नाही, नजर टाकायचीच.

कोड व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, इथे टाकला की अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि मग चालत नाही.

पंचवटी एक्सप्रेस
वरच्यांना अनुमोदन. एक भर, तीनदा पेस्टसुद्धा कशाला? आपण स्वतः लिहिलेला मेसेज एका वेळी पाच चॅटना फॉरवर्ड होतो. पहिल्या ग्रुपवर टाका, तिथून बाकीच्या दोघांना एकदम. दुसऱ्याचा आलेला फॉरवर्ड मात्र एका वेळी एकाच ग्रुपला जातो, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि मग फोनच्या नावाने शंख करतात. आणि लिंक पेस्ट केल्यावर दोन सेकंद थांबा, खाली फोटोचा चौकोन आला की मगच पाठवा. घाईत पाठवलं तर नुसती निळी ओळ जाते, तिच्यावर कोण क्लिक करणार!

आणि कमिशन घ्यायचंच असेल तर उघड घ्या की, त्यात लाज कसली. अॅफिलिएट खातं काढलं की अॅमेझॉनच्या पानावर वरच साइटस्ट्राइप नावाची पट्टी येते, तिथून तुमच्या टॅगची लिंक मिळते. पहिल्या 180 दिवसांत तीन विक्री व्हायला हव्यात नाहीतर खातं बंद, आणि स्वतःसाठी घेतलेलं धरत नाहीत. फक्त मेसेजमध्ये स्पष्ट लिहा, यातून मला पैसे मिळतात. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तेच सांगितलंय, फायदा असेल तर लोकांना कळेल असं सांगा.

चिवडाप्रेमी
टूलचं ठीक आहे हो, पण डील खरी आहे का ते कोण बघणार? आमच्या ग्रुपवर एक काका रोज "60 टक्के सूट" टाकतात. ती सूट छापील किमतीवर, त्या किमतीला ती वस्तू कोणी कधी घेतलेलीच नसते. कीपा नावाचं टूल आहे, त्यावर अॅमेझॉनवरच्या जुन्या किमतींचा आलेख दिसतो, तो बघितल्याशिवाय मी काही टाकत नाही. मागे मिक्सर टाकणार होतो, बघितलं तर दोन महिन्यांपूर्वी चारशे रुपयांनी स्वस्त होता. त्याची वेबसाइट उघडून लिंक पेस्ट केली तरी चालतं, एक्स्टेन्शन नको असेल तर.

आणि तांब्यापितळेचं असेल तर कृपा करून ऑनलाइन घेऊ नका, तांबट लेनमध्ये जा, हातात घेऊन वजन बघा. विषयांतर झालं, माफी.

गोदाकाठची
सातपूरकर, व्यनि मिळाला पण चालेना! पेस्ट केलं आणि एंटर मारलं तर गूगलवर भलतंच शोधायला लागलं.

सातपूरकर
वरच्या अॅड्रेस बारमध्ये पेस्ट केलंत ना? तिथे क्रोम सुरुवातीचा जावास्क्रिप्ट हा शब्द मुद्दाम उडवतं, कोणी फसवून कोड चालवू नये म्हणून. कंट्रोल शिफ्ट बी दाबा, बुकमार्कची पट्टी येईल, तिच्यावर राइट क्लिक करून नवीन पान जोडा आणि पत्त्याच्या रकान्यात टाका. नाव काहीही द्या.

गोदाकाठची
झालं!! नाव "टाक गं" ठेवलंय. आत्ताच डब्यांचा सेट टाकला, तिन्ही ग्रुपला मिळून अर्धा मिनिटही नाही लागला. चिवडाप्रेमींचा आलेखही बघितला आधी, बरा निघाला. आणि त्या पोराला लिंक वेगळी पाठवली, शेपूट आहे का बघ म्हटलं. त्याचा रिप्लाय, "काकू क्लीन आहे, पण कुकर परत आला तर आईला आधी सांगा."